चिंधीला औषध का आवडतं?

“पाय आत घे! अंगठा दिसतोय,” सुई कुजबुजली.

“कुणाचा?”

“तुझाच! आणि हळू बोल.”

“मी हळूच बोलतोय!” भोंगा म्हणाला. ते ऐकून समोरच्या भिंतीवरची पाल पळाली. बटण खुदकन हसली आणि स्वतःच्याच तोंडावर हात दाबून बसली.

तिघं मामाच्या शिलाईच्या दुकानात, कापड बेतायच्या मोठ्या टेबलाखाली दडून बसली होती. टेबलावरून सोडलेल्या निळ्या कापडाचा छान पडदा झाला होता. ही नावं मामानेच ठेवलेली. भाची बारकं काहीतरी हेरते आणि टोचून बोलते, म्हणून ती सुई. तिच्या धाकट्या भावाचा आवाज चार घरं पलीकडे जायचा, म्हणून तो भोंगा. मामाची स्वतःची लेक गोल आणि एवढीशी, म्हणून बटण. आणि कापडाच्या तुकड्यांच्या ढिगात सापडलेलं तपकिरी पिल्लू, ती चिंधी.

आता मोठी झालेली चिंधी दुकानाच्या मधोमध बसून कान खाजवत होती. खर्र, खर्र, खर्र! मग पंजा चाटायचा, पोट फरशीवर घासायचं, की पुन्हा कान. कानांची आतली बाजू लालेलाल झाली होती आणि पोटावर जखमा होत्या.

“खरजुली कुत्री दुकानात ठेवता?” असं एक गिऱ्हाईक सगळ्यांसमोर ओरडलं होतं. त्या बाईच्या नव्या कोटावर चिंधीचे केस निघाले होते. मामाला ते फार लागलं. सुट्टी संपली की शाळेच्या गणवेशांची घाई सुरू होणार, मग गिऱ्हाइकांची रीघ. तोवर चिंधी बरी झाली नाही, तर तिला गोदामाच्या रखवालदाराकडे द्यायचं त्याने कबूल करून टाकलं होतं. तिथे ती दारापाशी साखळीला बांधलेली असणार. हे कळल्यापासून बटण रात्री चिंधीचा पट्टा हातात धरून झोपायची.

खरूज नव्हतीच ती! डॉक्टरबाईंनी कातडी हलकेच खरवडून भिंगाखाली तपासली होती, पिसवाही शोधल्या होत्या. “किडा नाही, पिसू नाही. ही अ‍ॅलर्जी,” त्या म्हणाल्या. “एखाद्या साध्याच गोष्टीला हिचं शरीर शत्रू समजतं आणि लढायला उठतं. ती गोष्ट गवताचे पराग असेल, घरातली धूळ असेल, नाहीतर खाण्यातलं काही. आधी खाण्याचं बघू. तिने कधीच न खाल्लेलं, म्हणजे मासे आणि बटाटा, एवढंच द्यायचं. बाकी कण नाही!”

घरातल्या सगळ्यांनी मान डोलावली होती. त्याला कितीतरी आठवडे झाले आणि खर्र खर्र तशीच होती. सुट्टीला आल्या आल्या सुईला हे विचित्र वाटलं. कण नाही म्हणजे खरंच कण नाही का, हे बघायलाच ती आज टेबलाखाली होती.

“आला!” बटण पुटपुटली.

मामा डबा घेऊन मशीनशी बसला. त्याने लोणी लावलेला पाव तोडला. चिंधी हळूच त्याच्या गुडघ्याशी जाऊन बसली. मामाने दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि पावाची कड तिच्या तोंडात सोडली.

पलीकडे काजे करत बसलेल्या आजोबांनी चष्म्यावरून ते पाहिलं. रागावतील म्हणावं, तर त्यांनी दुधात बुडवलेलं बिस्कीट काढलं, अर्धं स्वतः खाल्लं आणि अर्धं खाली धरलं!

“चोर! चोर!” भोंग्याला आता कोण थांबवणार? निळा पडदा बाजूला सारून तिघंही बाहेर आली. आजोबांच्या हातातून सुई पडली. खरीखुरी, काजाची.

“अरे, ते पडलं हातातून,” मामा म्हणाला.

“पडलं? मामा, तू वाकून तिच्या तोंडात पाडलंस!”

“आणि अर्धंच बिस्कीट गं,” आजोबा म्हणाले. “मुंगीला तरी पुरेल का?”

“आजोबा, मुंगीला पुरत नसेल, पण अ‍ॅलर्जीला पुरतं,” सुई म्हणाली. “आणि मामा, एक टाका सुटला की तू काय म्हणतोस?”

मामाने डोकं खाजवलं. “अख्खी शिवण जाते म्हणतो.”

गडबड ऐकून मामी वरून खाली आली. सगळं समजल्यावर तिने त्या दोघांची अशी हजेरी घेतली की मशीनसुद्धा गप्प झालं. “मी एवढी जपते! मोजूनमापून मासे उकडते, भांडी वेगळी घासते, वेळच्या वेळी औषध देते आणि तुम्ही दोघं घोड्यासारखे वाढलेले...!” तेव्हापासून जेवणाच्या वेळी चिंधी मुलांच्या ताब्यात गेली. फिरून आली की भोंगा तिचे पंजे आणि पोट ओल्या फडक्याने पुसायचा, कारण मैदानातल्या गवताला तुरे आले होते.

पंजे चाटणं थोडं कमी झालं, पण कान तसेच राहिले. अर्धी सुट्टी संपत आली, तरी पोटावर नवे ओरखडे दिसतच होते.

“बघितलंत?” मामा म्हणाला. त्याचा आवाज चिडका नव्हता, दमलेला होता. “आता तर आम्ही काही देत नाही. म्हणजे खाण्याचा संबंध नाही. हवाच अशी आहे. हवा काय मी बदलू?”

“बाबा, ती तिकडे रडेल,” बटण म्हणाली.

मामा पुन्हा मशीनकडे वळला. रखवालदाराला दिलेला शब्द त्याने मागे घेतला नाही, एवढं तिघांनाही कळलं.

त्या दिवसापासून सुईने बोलणं कमी केलं आणि बघणं वाढवलं. भोंग्याचे तर्क मात्र जोरात होते. “शेजारची मांजर काहीतरी टाकत असणार! नाहीतर ती रात्री उठून फ्रिज उघडते!”

“कोण, मांजर?”

“चिंधी!”

“पंज्याने?”

“शिकली असेल! ती हुशार आहे!”

एका सकाळी सुई जिन्यावर दात घासत उभी होती. वर स्वयंपाकघरात मामीने औषधाची पट्टी कुरकुरवली. जखमा भरायची ती गोळी चिंधीला रोज मिळायची, आणि त्या वेळी स्वयंपाकघरात यायला मुलांना बंदी होती. “औषध देताना गर्दी नको,” मामी म्हणायची. चिंधी खाली दुकानात गाढ झोपली होती. कुरकुर ऐकताच ती ताडकन उठली, सुईच्या पायांमधून घुसली आणि शेपूट गरगरा फिरवत जिना चढून गेली.

सुईच्या तोंडातला ब्रश तसाच राहिला.

“भोंग्या!” ती धावत खाली आली. “तुला खोकल्याचं औषध दिलं की तू काय करतोस?”

“पलंगाखाली जातो.”

“बटण, तू?”

“मी दात घट्ट मिटते.”

“मग चिंधीला औषध का आवडतं?”

तिघंही एकमेकांकडे बघत राहिली. मग भोंग्याने तोंड उघडलं आणि बटणने उडी मारून त्यावर दोन्ही हात ठेवले.

“कुणावर आरोप करायचा नाही,” सुई म्हणाली. “मामी बिचारी सगळ्यात जास्त करते तिचं. आपण फक्त सगळ्यांना दाखवायचं. सांगेल ते चिंधीच सांगेल.”

संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर सगळे वर जमले. मामी भाजी चिरत होती, मामा आणि आजोबा चहा पीत होते. चिंधी खिडकीशी पडली होती.

“एक प्रयोग आहे,” सुईने जाहीर केलं. “कुणी हलायचं नाही.”

तिने भोंग्याला खूण केली. त्याने दारात उभं राहून औषधाची रिकामी पट्टी कुरकुरवली.

चिंधी उठली, पळत भोंग्यापर्यंत आली आणि त्याच्याकडे ढुंकूनही न बघता पुढे गेली! पट्टी नको, भोंगा नको. ती थेट फ्रिजसमोर जाऊन बसली, मान वर केली आणि जिभेवरून लाळ गाळू लागली.

“अरेच्चा!” आजोबा म्हणाले. “औषध तिकडे आणि ही इकडे?”

सुईने मामीकडे पाहिलं. मामीच्या हातातली सुरी थांबली होती.

“मामी, गोळी कशात देतेस?”

“चीजमध्ये,” मामी हळूच म्हणाली. “नखाएवढ्या तुकड्यात. नुसती देऊन बघितली, पण थुंकून टाकते. पण ते काय खाणं आहे का? ते औषध!”

मग मामा खो खो हसत सुटला. “मला घोडा म्हणाली! आणि रोज सकाळी, न चुकता, वेळच्या वेळी...”

“कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं!” आजोबांनी मांडीवर थाप मारली.

मामीचे डोळे भरून आले. ते बघून मामाचं हसू जागच्या जागी आटलं. सुई तिच्याजवळ जाऊन बसली. “मामी, तू एकही दिवस विसरली नाहीस, म्हणून तर आपल्याला सापडलं. कधी दिलं, कधी नाही दिलं असं असतं, तर चिंधी आवाजावर एवढी धावलीच नसती.”

“आता काय करायचं?” मामीने पदराने नाक पुसलं.

“उसवायचं आणि पुन्हा शिवायचं,” मामा म्हणाला. “शिवण चुकली की दुसरं काय करतात? सुट्टी संपेपर्यंत वेळ आहे.”

दुसऱ्या दिवशी सगळी वरात डॉक्टरबाईंकडे गेली. त्यांनी ऐकून घेतलं, हसल्या नाहीत. “गोळी त्याच माशात कालवून द्या,” त्या म्हणाल्या. “आधीचे आठवडे विसरा. आजपासून पहिला दिवस.”

चिंधीने माशात कालवलेली गोळी पहिल्यांदा फू करून उडवली. दुसऱ्यांदा मासे खाल्ले आणि गोळी स्वच्छ चाटूनपुसून बाजूला ठेवली. मग बटणने गोळीचा चुरा करून चालेल का हे डॉक्टरबाईंना विचारून घेतलं आणि बटाट्याच्या लगद्यात तो असा घोटला की चिंधीला पत्ताच लागला नाही.

आधी पोटावरच्या जखमा सुकल्या. मग कानांचा लाल रंग उतरून गुलाबी झाला. ज्या जागा उघड्या पडल्या होत्या, तिथे मखमलीसारखी लव आली. दुकानात आता खर्र खर्र नव्हती, फक्त मशीनची टकटक होती. आजोबा तर म्हणाले, मला करमत नाही.

“खात्री करायची असेल तर एक काम उरलंय,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “चीज पुन्हा द्यायचं.”

“मुळीच नाही!” बटण किंचाळली.

“थोडंसंच, आणि खाज आली की लगेच बंद. नाहीतर ती आपोआप बरी झाली की चीज थांबवल्यामुळे, हे कळणार कसं?”

सुईला ते पटलं, पण चीजचा तुकडा पुढे करताना तिने डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिंधीने कान खाजवला. खर्र! कधी नव्हे ते त्या आवाजावर सगळं घर टाळ्या वाजवू लागलं आणि चिंधी बावचळून बघत राहिली. चीज बंद झालं, खाज गेली.

“दुधाचे पदार्थ आयुष्यभर बंद,” डॉक्टरबाईंनी सांगितलं. “आणि गवताचाही थोडा त्रास आहेच. तुऱ्यांच्या दिवसांत पंजे पुसणं चालू ठेवायचं. दोन कारणं एकत्र असली की मोठी माणसंही गोंधळतात. या मुलीने ती वेगळी केली. शाबास!”

सुई लाजून फडकं पिळत बसली. फडकं कोरडंच होतं.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी गोदामाचा रखवालदार दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. खांद्यावर नवी कोरी साखळी होती. बटण चिंधीच्या गळ्यात हात टाकून बसली.

मामाने टेप गळ्यातून काढला आणि हात जोडले. “काका, तुमची फेरी फुकट गेली. शब्द दिला होता, पण मोडतोय. चिंधी बरी झाली.”

“बरी झाली? कुणी केली?”

“या तिघांनी,” मामा म्हणाला. “चोर पकडले. मी एक, आमचे वडील दुसरे, आणि...” त्याने मामीकडे पाहिलं.

“आणि सगळ्यात मोठी मी!” मामी म्हणाली. “त्यात काय लाजायचं? ही पोरं नसती तर रोज माझ्याच हातानं चीज देत राहिले असते.”

रखवालदार हसला. “चला, बरं झालं. गोडच आहे हो कुत्री!” असं म्हणत तो खाली वाकला, खिशात हात घातला आणि दुधाचं बिस्कीट चिंधीच्या नाकासमोर धरलं.

“नाही!!”

मामा, मामी, आजोबा एकदमच ओरडले. एवढ्या जोरात, की भोंग्याने दोन्ही कानांवर हात ठेवले.