शेवंतीची दुसरी पुडी

धनलक्ष्मीअक्काच्या टोपलीत शेवंतीची एकच पुडी उरली होती आणि तिच्यावर दोन हात एकदमच पडले.

"ही माझी," तो म्हणाला. "सकाळीच सांगून ठेवली होती."

"पुडीवर नाव दिसत नाही तुमचं," वाणी म्हणाली.

"अमलदास. आता लिहू?"

तंजावूरच्या ख्रिस्ती दफनभूमीचं ते फाटक. नोव्हेंबरची दोन तारीख, मृतांचा दिवस. माणसं आपल्या गेलेल्यांच्या थडग्यांना चुना लावत होती, मेणबत्त्या पेटवत होती. वाणी राहायची राजवाड्यामागच्या मराठी गल्लीत. बालवाडीत शिकवून घरी जाताना देवासाठी फुलं घ्यायला ती थांबली होती, इतकंच.

"अर्धी अर्धी करू," तो हळूच म्हणाला. "अम्मासाठी हवीत... पहिलंच वर्ष आहे."

वाणीने हात मागे घेतला. "सगळीच घ्या. मृतांच्या वाट्यातलं फूल आमच्यात देवाला वाहत नाहीत." मग जरा थांबून, "माझे अप्पाही याच वर्षी गेले. पण आमच्यात थडगं कुठलं? तिरुवैयारूला कावेरीत सोडलं सगळं."

"मग या माझ्याबरोबर."

मधोमध एक उंच क्रूस होता. ज्यांची माणसं दूर कुठे तरी विसावलेली, ते त्याच्या पायाशी मेणबत्ती लावत. त्याने एक तिच्या हातात दिली. वाऱ्याने ज्योत लवली, तशी त्याने दोन्ही तळव्यांची ओंजळ ज्योतीभोवती धरली. वाणीचे डोळे भरून आले. तिने घाईघाईने पुसले.

"रडायचं नाही म्हणतात घरी. आसवांनी गेलेल्याची वाट अडते."

"आमचा प्रभू येशू मित्राच्या थडग्यापाशी रडला होता," अमलदास म्हणाला. "त्याला मेलेल्यातून उठवणार होता, तरी आधी रडला. अम्मा गेल्यापासून मी तेवढ्यावरच उभा आहे, टीचर."

त्या दिवशी वाणी पोटभर रडली. घरी जाऊन पोटभर जेवलीही.

जुन्या बसस्टँडजवळ त्याचा नवा एसटीडी बूथ होता. दर रविवारी वाणी बंगळुरूच्या भावाला, वेंकटेशला फोन करायला तिथे जाऊ लागली.

"लाइन लागत नाही, टीचर. बसा."

"लागत नाही, की तुम्ही लावत नाही?"

"लावतो की. फक्त लागू नये म्हणून प्रार्थना करतो."

कधी कधी परतताना ती चर्चच्या मागच्या बाकावर टेकायची. घरचा देव तिने सोडला नव्हता. पण तिथल्या शांततेत अप्पांशी बोलता यायचं, आणि कोणीतरी ते ऐकतंय असं वाटायचं.

पुन्हा ऑक्टोबर सरत आला, तेव्हा सोबत शिकवणाऱ्या कामाक्षीने बातमी आणली. "बूथवाला तिरुचीच्या सेमिनरीत चाललाय म्हणे. फादर व्हायला. त्यांच्यात लग्न नसतं, ठाऊक आहे ना?"

फळ्यावरच्या बदकाला वाणीने तिसरा पाय काढला. मुलं खदखदून हसली.

त्या रविवारी ती बूथवर गेली नाही. घशाखाली घास उतरेना. माणसाशी भांडता आलं असतं. पण ज्या देवाने तिला रडू दिलं, त्याच्याशी कसं भांडायचं?

आईने, अंबाबाईंनी, वाती वळता वळता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अप्पा गेल्यावर तू पहिल्यांदा धड जेवलीस, ती त्या दिवशी. मी विसरले नाही. उद्या त्यांचा मृतांचा दिवस. शेवंतीच्या दोन पुड्या घे. तो जाणार असेल, तर दोन्ही त्याच्या अम्माला वाहून ये. नसेल, तर एक निराळी ठेव. ती त्याच्याच हातून घरी येऊ दे."

दुसऱ्या दिवशी दफनभूमीत अमलदास कोपरापर्यंत चुन्याने माखलेला होता.

"रविवारी आला नाहीत, टीचर."

"लाइन लागली नसती."

तो हसला नाही. वाणीने एक पुडी उघडून फुलं अम्माच्या थडग्यावर ठेवली; दुसरी पिशवीतच राहू दिली. मेणबत्ती पेटवायला गेली, तर काडी विझली. दुसरीही विझली.

"तिरुचीला... कधी निघणार?"

त्याने कुंचला खाली ठेवला. "गेल्या वर्षी फादरना म्हटलं होतं, मला घ्या. ते म्हणाले, दुःखात दार ठोठावणाऱ्याला आम्ही लगेच आत घेत नाही. वर्षभर थांब, मग ये."

"वर्ष तर झालं."

"हो. आज सकाळीच जाऊन आलो."

वाणीने पिशवी घट्ट धरली.

"त्यांनी विचारलं, अजून रडू येतं? म्हटलं, येतं, पण आता प्रभू जवळ बसलेला असतो. त्याला मी सोडणार नाही. पण फादर, रविवारी बूथवर एक माणूस आलं नाही, तर मला दिवसभर काही सुचत नाही." तो चुन्याच्या डब्याकडे पाहत राहिला. "फादर हसले. म्हणाले, मग सेमिनरीत तुझं जमायचं नाही. घरी जा."

अमलदासचं लक्ष पिशवीकडे गेलं.

"अजून एक पुडी आहे की. द्या, अम्माला वाहतो."

"नको," ती चटकन म्हणाली. "ती... आमच्या देवाची. आई म्हणाली, तुमच्या हातून घरी आणायची."

अमलदासने आपल्या पांढऱ्या तळव्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तो नळाकडे गेला आणि कितीतरी वेळ हात धूत राहिला. तोवर वाणीने मेणबत्ती पेटवली, आणि तो येईपर्यंत ज्योतीभोवती ओंजळ धरून बसली.