काकांचा चष्मा आणि दासगावची लाँच

"ही लाँच बाणकोटला पोचली, तर तुला हातगाडीवर बसवून महाडच्या बाजारातून ओढीन!" हैबतीकाका गरजले.

"आणि नाय पोचली, तर मी तुला ओढीन! वर तोंडानं भोंगा वाजवीन!" शेजारचे महादूकाका म्हणाले.

लागली पैज!

महादूकाका गिरणीतून निवृत्त होऊन मुंबईहून गावी आलेले. तीस वर्षांच्या कमाईतून जुनी लाँच घ्यायची आणि काशीकाकूंना खाडीतून समुद्रापर्यंत फिरवायचं, हा त्यांचा ध्यास! दासगावच्या बंदरातली लाँच होतीही झोकात. काचेची केबिन, चकचकीत चाक, पितळी घंटा. आणि किंमत निम्मी!

सुट्टीला आलेली त्यांची पुतणी आवडी मात्र हैबतीकाकांच्या चंदूला कुजबुजली, "तीनदा आलो, तिन्ही वेळा भरती! हा दलाल ओहोटीला लाँच का दाखवत नाही?"

"तळात घोळ हाय!" चंदूचे डोळे चमकले.

"काका, ओहोटीपर्यंत थांबू या ना!" आवडी म्हणाली.

"थांबा खुशाल! दुसरं गिऱ्हाईक वाटेत आहे," दलाल दत्ताराम म्हणाला.

महादूकाका घाबरले. सही करायला त्यांनी खिसा चाचपला. "अरे, माझा चष्मा?"

चष्मा गायब! सगळ्यात जोरात शोधत होता चंदू. केबिनमध्ये, घंटेखाली, अगदी दलालाच्या पिशवीतसुद्धा!

"अंगठा उठवा, चालेल!" दलाल वैतागला.

"अंगठा? चौथी पास हाय मी! सही करीन, नायतर कायच नाय!"

शोधता शोधता दुपार टळली आणि पाणी ओसरलं. लाँच चिखलात टेकली. मोडक्या छत्रीची काडी घेऊन आवडीनं चिखलात उडी मारली. तळाला ताजं डांबर! तिनं काडी टोचली. टक्! टक्!

"बघा, लोखंडासारखं लाकूड!" दलाल हसला.

आवडी मागच्या बाजूला गेली. खुप्प! काडी मुठीपर्यंत आत! ती उपसताच भोकातून पाण्याची धार लागली.

"काका, लाँचमध्ये आधीपासूनच पाणी भरलंय!"

दलाल पळाला. त्याची एक चप्पल चिखलातच राहिली!

चंदूनं सदऱ्यातून चष्मा काढला. "काका, आता नीट बघा."

काकांनी आधी त्याचा कान पिळला, मग दोघांना पोटाशी धरलं. "पोरांनो, जन्माची कमाई वाचवलीत रे!"

दुसऱ्या दिवशी भर बाजारात महादूकाका हातगाडी ओढत होते. वर हैबतीकाका, मांडीवर मांडी टाकून! "पों! पों!" दुकानदार टाळ्या पिटत होते.

तेवढ्यात काशीकाकू आडव्या आल्या. "मला फिरवणार होतात ना? सरका हो, हैबतीभावजी!"

पदर खोचून त्या वर चढल्या. "हं, चला! आणि भोंगा जरा मोठ्यानं!"