उजवा हात भिंतीला

दादा जाऊन नऊ दिवस झाले होते. दहाव्या दिवशी दुपारी वहिनीने धाकट्याच्या हातात एक पिशवी दिली आणि म्हणाली, "भाऊजी, फायर स्टेशनवर त्यांचं कपाट आहे. रिकामं करून आणा."

बंब चालवणाऱ्या काकांनी कपाट उघडून दिलं. आत बुटांचा जोड, कंगवा, धुऊन पालथा घातलेला डबा आणि आगीनंतर त्याच्या पट्ट्यावरून काढून ठेवलेलं ते पिवळं यंत्र. काडेपेटीपेक्षा जरा मोठं. पट्ट्याला अडकवायचं, आणि माणूस अर्धा मिनिट हलला नाही की ते कानठळ्या बसतील असं कोकलतं. म्हणजे धुरात पडलेला गडी सापडतो. हलला की गप्प. दादा सुट्टीच्या दिवशी झोपलेल्या धाकट्याच्या कमरेला ते लावून ठेवायचा आणि म्हणायचा, "तुला नोकरी लागेपर्यंत हेच तुझे साहेब."

यंत्रावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"काका, हे चालू आहे."

"बंद होत नाही. मी बघितलं."

"मग वाजत का नाही? नुसतं पडून आहे की."

काकांनी डबा उचलून पिशवीत घातला. धाकट्याने त्यांची कॉलर धरली. त्याचं डोकं असंच, विचार मागून यायचा.

"त्या दिवशी वाजलं होतं?"

"वाजलं." काकांनी कॉलर सोडवून घेतली नाही. "वरच्या मजल्यावर वाजत होतं. मग थांबलं. साहेब म्हणाले, यंत्र जळालं, संपलं सगळं, छप्पर येतंय, मागे फिरा. आम्ही फिरलो."

"पण हे तर जळालेलं नाही."

"नाही."

"म्हणजे तो हलला होता. तुम्ही निघालात तेव्हा तो हलत होता."

काका खाली बुटांकडे बघत राहिले. "त्याला आत लहान मूल रडताना ऐकू आलं. दुसऱ्या कुणालाच नाही. इमारतीत राहणारे सगळे बाहेर होते पोरा, दोनदा मोजले होते. आत कुणीच नव्हतं."

घरी येईपर्यंत धाकट्याच्या डोक्यात तेवढंच घुमत होतं. दादा गेला, आणि कुणासाठीही नाही.

त्याने यंत्र बाहेरच्या खोलीत टेबलावर ठेवलं. ऊन खिडकीतून थेट आत आलं होतं, तरी खोलीला भिजलेल्या जळक्या लाकडाचा वास येऊ लागला. वहिनी ओले हात पदराला पुसत आली आणि दारातच थबकली.

यंत्र कोकललं.

वहिनीने कान झाकले. धाकटा धावला, बटण दाबलं, हलवलं, आपटलं. आवाज थांबेना. शेवटी त्याच्या तोंडून निघालं, "दादा... हल ना."

यंत्र गप्प झालं.

अर्ध्या मिनिटाने ते पुन्हा ओरडलं.

"हल रे, दादा."

गप्प. मग पुन्हा. धाकट्याचा घसा बसला तेव्हा वहिनी टेबलापाशी बसली आणि हळूच म्हणाली, "हला ना हो. थोडंसं." ती दादाला रोज सकाळी असंच उठवायची.

भिंतीवरचा डाग आधी तिलाच दिसला. बाहेरच्या दारापाशी, गुडघ्याच्या उंचीवर, काजळीचा पंजा. बोटं घराच्या आतल्या बाजूला. त्याच्यापुढे हातभर अंतरावर दुसरा. मग तिसरा.

वीज गेली की दादा घरात रांगून दाखवायचा. "धुरात डोळे फुकट असतात, धाकट्या. जाताना डावा हात भिंतीला, येताना त्याच भिंतीला उजवा. हात सुटला की माणूस सुटला." वहिनी हसून म्हणायची, मेणबत्ती लावा आधी.

पंजे आतल्या खोलीत गेले होते. दोघं मागोमाग गेले. कपाटाच्या कोपऱ्यात ते संपत होते. तिथे एकावर एक, खूपसे, चाचपडल्यासारखे.

"अजून शोधतायत..." वहिनी म्हणाली.

धाकटा भिंतीपाशी गुडघ्यांवर बसला. हे सांगायचं त्याच्या जिवावर आलं होतं. सांगितलं तर दादालाही कळणार होतं, की तो उगाच गेला.

"दादा, आत कुणी नाही. सगळे बाहेर आलेत. मोजलेत. तू... तू परत ये आता."

बाहेरच्या खोलीत यंत्र वाजलं नाही. अर्धा मिनिट गेलं. एक मिनिट. दोन. कोपऱ्यातला वास हळूहळू सरकला, त्यांच्या अगदी जवळून, आणि दाराकडे गेला. वहिनीने डोळे मिटून घेतले.

दोघं बाहेर आले तेव्हा यंत्रावरचा हिरवा दिवा विझला होता.

भिंतीवर आता आणखी पंजे होते. त्याच उंचीवर, अजून ओले, बोटं दाराकडे. उजव्या हाताचे. शेवटचा चौकटीपाशी, पूर्ण टेकलेला. परतीची वाट.

धाकट्याच्या छातीतून श्वास सुटला. तो रडणारच होता, तेवढ्यात वहिनीने त्याचं मनगट घट्ट धरलं.

प्रत्येक उजव्या पंजाखाली, वीतभर खाली, आणखी एक पंजा उमटला होता. जातानाच्या वाटेवर तो कुठेच नव्हता. बशीत मावेल एवढा, पाच बारीक बोटांचा.

"भाऊजी," वहिनी कुजबुजली, "सगळे मोजले होते ना?"