पोपटची खाट

बेघर निवाऱ्यातली ही नोकरी मला मनापासून आवडते. चादरी घालायच्या, जेवण वाढायचं, कोण खोकतंय ते बघायचं. वर्षानुवर्षं फुटपाथवर झोपलेल्या माणसाला खाट दिली, की तो आधी खाटेखालीच झोपतो. वर पडल्यावर गरगरतं म्हणे. आठवडाभरात सवय होते.

गेनबाला मात्र तीन महिने झाले तरी झाली नव्हती. तो खाली, खाट रिकामी. तरी रोज सकाळी मी आवरायला गेलो की वरच्या चादरीला खळगा पडलेला असे. हात लावला तर ऊब लागे. म्हातारा गुपचूप वर झोपत असणार, असं समजून मी खूश व्हायचो.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी उत्तरेश्वर नावाचा माणूस आला. अंगात सणकून ताप. डॉक्टर औषध देऊन गेले, पण दुसरी खाट शिल्लक नव्हती.

"गेनबा, ही खाट याला देतो."

"न्हाई सायेब. तिथं पोपट हाय."

पोपट म्हणजे त्याचा जोडीदार. दोघं स्वारगेटला हमाली करायचे. गेनबा निवाऱ्यात यायच्या आदल्या दिवशी पोपट फुटपाथवरच वारला होता.

"त्याला उठवलं, तर मीबी जातो... रस्त्यावर."

बाहेर थंडी मी म्हणत होती. सत्तरीचा माणूस, दोन दिवसही तगला नसता. मला भीती वाटली ती त्याच्या जिवाचीच. मी खाटेशी वाकलो.

"पोपटराव, जरा सरकून घेता का? आजारी माणूस आहे. इथे कुणालाच परत पाठवत नाही आम्ही."

खाट करकरली. गेनबा समाधानानं म्हणाला, "सरकला बघा."

सकाळी उत्तरेश्वरचा ताप उतरला होता. तो खाटेच्या एका कडेला अंग चोरून पडला होता.

"शेजारचे काका रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवत होते," तो म्हणाला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

"आता... कुठे आहेत ते?"

"बाकीच्यांना आणायला गेलेत. तुम्ही कुणाला परत पाठवत नाही म्हणे..."

मी हसण्यावारी नेलं.

त्या संध्याकाळी जेवणं झाली. एकेक जण आपल्या खाटेशी गेला आणि निमूटपणे खाटेखाली अंथरूण घालू लागला. अगदी जुनी माणसंसुद्धा.

"काय झालं?" मी विचारलं.

"वर जागा नाही, साहेब..."

दारापासून एकामागून एक खाटा करकरत गेल्या. शेवटची करकर माझ्या खोलीतून आली. मी आत गेलो, दिवा लावला नाही, आणि माझी सतरंजी खाटेखाली सरकवली.