सुंदराबाईची चुंबळ

त्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं साफ होतं. माघ संपत आला होता. या दिवसांत आमच्या बार्शीटाकळीत ओठ फुटतात. तिथे कोकणात मात्र वाराही ओला. नुसतं तोंड उघडलं तरी जिभेवर मीठ यायचं.

माझा मुलगा संघपाल तिकडे मास्तर आहे. त्यानं मला चार दिवस फिरवलं. समुद्राच्या काठापर्यंत उतरत आलेले हिरवे डोंगर दाखवले. कातळात कोरलेल्या लेण्यात बुद्धापुढे बसलो, तर उठावंसं वाटेना. पांढऱ्या पोटाचा गरुड पंजात मासा धरून डोक्यावरून गेला. पाण्यातून काळे मोठे मासे उड्या मारू लागले, तेव्हा या वयात मी टाळ्या वाजवल्या. असा मुलूख असतो हे ठाऊक असतं, तर आधीच आलो असतो. दोघं आलो असतो.

सुंदराबाईला, माझ्या बायकोला, जाऊन दोन वर्षं झाली. जन्मभर तिनं डोक्यावर पाणी वाहिलं. म्हणायची, "मले एकडाव समुद्र दाखवजा. पाहू तरी, एवढं पानी कोनाच्या डोक्यावर हाय." मी हो म्हटलं होतं, अन् राहून गेलं. म्हणून तिची चुंबळ पिशवीत घालून आणली होती. जुन्या हिरव्या लुगड्याची गुंडाळी, पाण्याच्या गुंडाखाली डोक्यावर ठेवायची. तिला तरी समुद्र दिसावा.

पाचव्या दिवशी सकाळी काठावर गेलो. समोर पाण्यात किल्ला होता, अन् पाणी मागे सरकून तिथवर ओल्या वाळूची वाट पडली होती.

"बाबा, इथंच बसजा. मी चहा आनतो."

"मी काय पयून जातो?"

"तुमचा काही भरोसा नाही," म्हणून हसत गेला.

तिथे एक मोठा बोर्ड होता. मला वाचता येत नाही. आमच्या काटेपूर्णा धरणाचं पाणी एकदा खाली गेलं, की पावसाळ्याशिवाय परत येत नाही. मला वाटलं, इथंही तसंच. काठी टेकत चालत गेलो.

किल्ल्याचे दगड असे बसवलेले, की मधे नख शिरत नव्हतं. खालच्या पायरीवर चुंबळ ठेवली. म्हटलं, "पाहा, सुंदरा." अन् भिंतीला टेकून बसलो. डोळा लागला असेल.

उठलो तर वाट नव्हती. चारही बाजूंनी पाणी. वर सूर्य, पण पाण्यावर धुकं चढलेलं; काठ दिसेना. पायरीवर चुंबळही नव्हती. लाटांचा आवाज एकाएकी थांबला. खारा वास गेला, अन् भिजलेल्या काळ्या मातीचा वास आला... आमच्या शेतातला.

वीस पावलांवर एक बाई पाण्यातून चालली होती. डोक्यावर पितळी गुंड. डावा पाय किंचित ओढत होती. विहिरीच्या पायरीवरून पडली तेव्हापासून सुंदराबाई अशीच चालायची.

"सुंदरा..."

तिनं वळून पाहिलं नाही. हळूच म्हणाली, "माह्या पावलावर पाय ठेवा... मांगं पाहू नका..."

ती पाय ठेवी तिथे वाळू घट्ट लागे, पाणी गुडघ्याएवढं. एकदा काठी बाजूला टेकवली, तर अख्खी आत गेली, तळ लागला नाही. भीती वाटली, पण खरं सांगतो, पाण्याची नाही. काठ येईल अन् ती थांबणार नाही, याची.

तसंच झालं. धुक्यातून संघपाल पाण्यात धावत आला, त्यानं मला कवटाळलं. पुढे कोणीच नव्हतं.

"बाबा, इथचे कोळीबी आता उतरत नाहीत! कोनं दाखवली वाट?"

मी म्हटलं, "चहा आनला का?" तो रडायला लागला.

तिसऱ्या दिवशी घरी आलो. शेजारच्या पार्वताबाई किल्ली द्यायला आल्या. किल्ली हातात ठेवली, पण तिथेच थबकल्या. माझ्या दाराकडे पाहत म्हणाल्या, "डोमाजीभाऊ, सुंदराबाईची चुंबळ तर तुमी संगं नेली होती ना? मंग खुटीले कोनं टांगली? तीन दिवसांपासून उन्हात हाय... पन वाळूनच नाही राह्यली."