तीन फूट कमी

"जरा बाजूला सरका ना! उजेड अडतोय!"

विहिरीच्या तळातून रमी ओरडली, तसं काठावरून डोकावणारं डोकं झटकन मागं झालं. बा नक्कीच नव्हता. बाच्या डोक्यावर साहेबी टोपी कुठली?

ती वर आली तेव्हा तो समोरच उभा होता. हातात मोजायची टेप, चेहऱ्यावर ओशाळं हसू.

"मी योसेफ, शेतकी खात्यातून आलो आहे," तो पुस्तकी मराठीत म्हणाला. "आपल्या विहिरीची पाहणी करावयाची आहे."

"करावयाची आहे तर करा की!" रमीनं आपल्या मावची बोलीत उत्तर दिलं.

तो खुदकन हसला आणि मावचीतच म्हणाला, "आधी प्यायला पाणी द्याल?" नवापूरपलीकडच्याच गावचा निघाला.

ते सेहेचाळीस साल होतं. लढाई संपली तरी धान्याची टंचाई सरली नव्हती. नवी विहीर खणणाऱ्याला निम्मा खर्च सरकार देणार, अशी विसरवाडीच्या बाजारात दवंडी पिटली होती. अट एकच — मार्चअखेर पंचवीस फूट खोली. त्या भरवशावर रमीचा बाप शमुवेल सुरतेकडची मजुरी सोडून घरी आला होता. तो वरून दोर ओढायचा, लेक खाली पहार चालवायची.

योसेफनं टेप सोडली. बावीस फूट. आणि खाली काळा कातळ.

"साहेब… पंचवीस लिहा ना," रमी हळूच म्हणाली. "तीन फुटांनी सरकारचं काय बिघडतं?"

"सरकारचं नाही, तुमचं बिघडेल. मे महिन्यात विहीर आटली, तर माझ्या कागदातून पाणी शेंदणार का?"

"तुमची सायकल तिकडं आहे," ती फणकारली. "वाट ठाऊक आहे ना?"

तो गेला. पुढच्या रविवारी, प्रार्थना आटोपून ती शेतावर आली, तर हा बाह्या सरसावून काठावर हजर!

"आज कशाला? पुन्हा मोजायला?"

"आज सुट्टी. आज मी साहेब नाही… पहार द्या."

"हाताला फोड येतील."

"येऊ देत. तुम्ही बघाल ना?"

रमीनं तोंड फिरवलं. हसू लपवायला दुसरी जागा नव्हती.

असे चार रविवार गेले. मोहाच्या फुलांचा वास विहिरीत उतरायचा. तो कातळावर घाव घाली, ती दगड पाटीत भरी. पाटी दोराला अडकवताना बोटं बोटांना लागत… मग दोघंही उगाचच वर आभाळाकडं बघत. चौथ्या रविवारी पहारीखालून झरा फुटला. रमीनं ओंजळभर पाणी आधी त्याच्याच तोंडावर उडवलं.

मार्च संपत आला, तेव्हा तो आला — पण रिकाम्या हातानं.

"टेप कुठं?" तिनं विचारलं.

"उद्या मोठे साहेब मोजतील. मी मोजणं बरोबर नाही. तसं वर लिहून कळवलंय." त्यानं खिशातून त्या पत्राची नक्कल काढली.

मिशनच्या शाळेत शिकलेली रमी अक्षर लावत वाचू लागली. "'अर्जदाराच्या कन्येशी… माझा विवाह होण्याचा संभव असल्याने… सदर विहीर मोजणे मला उचित वाटत नाही.'"

तिनं कागदाची नीट घडी घातली.

"मला विचारायच्या आधी सरकारला सांगितलंस?"

तिच्या तोंडून 'तू' आलं, ते दोघांनाही कळलं.

"सरकारची भीती कमी वाटते गं… विचारू आता?"

"घाई काय आहे?" म्हणत ती कागद घेऊनच घरी पळाली.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले. टेप खाली गेली. साडेपंचवीस फूट! मदत मंजूर. सही करता करता साहेब थबकले. "योसेफ, ते 'संभव' म्हणजे नक्की काय? मला फाईल पुरी करायची आहे."

योसेफ टोपी काढून हातात फिरवू लागला. तेव्हा रमीच पुढं झाली.

"ठरलंय, साहेब. तसं लिहा."

"काय ठरलंय?" शमुवेलनं बावचळून विचारलं. त्याला अजून कुणी काहीच सांगितलं नव्हतं.