गाडी न्यूट्रल होती

ज्यांना हे पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं. माझी तक्रार नाही.

पण ही गोष्ट ऐकीव नाही. ज्या बाईवर हे गुदरलं ती माझी सख्खी मावशी. त्या दिवशी संध्याकाळी ती पलूसला आमच्याच घरी परत आली. तिचे दोन्ही पाय घोट्यापासून सुजले होते आणि ती उंबऱ्यावरच बसून राहिली होती.

साल १९९४. खंडेनवमीचा आदला दिवस.

आणि हो, रात्र नव्हती. अमावस्या नव्हती, स्मशान नव्हतं. कुंडलच्या शिवारात, ऑक्टोबरच्या टळटळीत उन्हात, भर दुपारी हे घडलं.

आम्रपाली मावशी आणि प्रबुद्धकाका वडूजचे. तिथे काकांचं छोटं गॅरेज होतं. जुनी पेट्रोल इंजिनं म्हटलं की काकांना तहानभूक आठवत नसे. पण तोंडाने फटकळ, त्यामुळे हाताखाली कुणी टिकायचं नाही. शेवटी मावशीच त्यांच्या हाताखाली उभी राहिली. पान्हे द्यायची, सीटवर बसून रेस द्यायची. इंजिन मिस मारतंय ते तिला कानानेच कळायचं. काका हे कबूल करत नसत, पण विचारत मात्र तिलाच.

कुंडलचे जयराज सुभेदार त्या वर्षी फौजेतून रिटायर होऊन आले होते. मळ्यातल्या शेडमध्ये त्यांच्या वडिलांची जुनी पिकप पडून होती. महायुद्धानंतर लष्कराने लिलावात काढलेली, सहा सिलिंडरची, अमेरिकन. जयराज पाळण्यात असताना ती उभी राहिली ती उभीच. खंडेनवमीला तिची पूजा करायची आणि वडिलांच्या गाडीतून गावात एक चक्कर मारायची, एवढीच सुभेदारांची हौस.

काकांनी हौसेने काम घेतलं. आमच्या घरी मुक्काम टाकला. इंजिन शेडमध्येच उतरवलं, ब्लॉक इस्लामपूरहून बोअर करून आणला. नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवी बेअरिंगं. सगळं बसलं. उरलं होतं फक्त ट्यूनिंग, म्हणून बॉनेट अजून चढवलं नव्हतं.

अडचण एकच होती. गाडीचं तोंड शेडच्या दगडी भिंतीकडे होतं आणि सेल्फ जळालेला होता. त्याचं वाइंडिंग भरून आणायला जयराज सकाळीच इस्लामपूरला निघाले होते. तोवर इंजिन चालू करायचं तर हँडल मारूनच. म्हणजे हँडल मारणारा माणूस बंपर आणि भिंत यांच्या मधोमध उभा राहणार.

म्हणून निघण्याआधी जयराजांनी आणि काकांनी पहारी लावून गाडी चांगली मागे सरकवली. मावशीने पुढच्या दोन्ही चाकांना दगड लावले, टाचेने ठोकून घट्ट बसवले.

काकांनी पहिला पिस्टन टॉपला, म्हणजे पार वर, आणला. पुलीवर खडूने खूण केली. हँडल काढून भिंतीच्या खिळ्याला अडकवलं आणि दोघं जेवायला सुभेदारांच्या ओसरीवर जाऊन बसली. ओसरीसमोर अंगण, अंगणापलीकडे शेड.

सुभेदारांची आई, येसूबाई, ताक घेऊन आली. म्हातारी सत्तरीची, पण ताठ.

तेवढ्यात शेडमधून आवाज आला...

फुस्स... खट.

कुणीतरी हँडल घालून इंजिन हळूच फिरवावं, तसा जड, दबका आवाज.

फुस्स... खट.

मावशीचा घास हातातच राहिला.

"सुभेदार आलं वाटतं," काका म्हणाले.

"त्यो कुठला येतोय? त्यो इस्लामपुरात," येसूबाई म्हणाली. तिच्या हातातल्या तांब्यातलं ताक ओसरीवर सांडत होतं आणि तिला त्याचं भान नव्हतं.

काका उठून शेडमध्ये गेले. मागोमाग मावशी.

शेडमध्ये कुणी नव्हतं.

पण खिळ्यावर हँडल नव्हतं... ते गाडीच्या नाकात बसवलेलं होतं. खडूची खूण पार खाली फिरली होती. चाकांचे दोन्ही दगड भिंतीच्या कडेला, एकाशेजारी एक, नीट मांडून ठेवलेले होते.

आणि गाडी पुन्हा भिंतीजवळ आली होती. मध्ये जेमतेम एक माणूस वाकेल एवढीच जागा.

"जमीन उताराची हाय," काका म्हणाले.

"आन् दगड?"

"तू नीट लावलं नसशील."

मावशीला ते लागलं. दगड तिने स्वतः ठोकले होते. पण काकांपुढे वाद घालून उपयोग नसतो, हे तिला लग्नापासून माहीत होतं. "हँडल तर तुमी अडकवलं हुतं न्हवं?" एवढंच ती म्हणाली. "इसरलो आसंल," म्हणत काका परत खूण टॉपला आणायच्या मागे लागले. सुभेदार नसताना गाडी एकट्याने मागे सरकणार नव्हती.

येसूबाई शेडच्या दारापर्यंत आली होती. आत मात्र आली नाही. तिने मावशीला खुणेने बोलावलं.

"पोरी, सीटवर तू बसनार व्हय?"

"व्हय आजी."

"माजा धाकला दीर, गुंडा, हितंच गेला. आसंच हँडल मारत हुता. सीटवर आमचं मालक. गियर काढायचं इसरलं. गाडीनं हुडी मारली..." म्हातारीने भिंतीकडे पाहिलं. "पाठचा भाऊ खाल्ला त्येंनी. तुज्या मानसाला सांग, म्होरं हुबं ऱ्हाऊ नगंस म्हनावं."

मावशीने काकांना सांगितलं. काका हसले.

"गियरमधी ऱ्हायल्याली गाडी हुडी मारनारच की. त्यात भुताटकी कुठली आली? तू न्यूटल कर, वरनं क्लच दाबून धर. मंग कुनाचा बा आला तरी गाडी हलत न्हाई. सुभेदाराला उद्याचा शब्द दिलाय म्या."

बोलणं खरंच होतं. मावशीला पटलंही. भुताखेताला ती तशी भिणारी नव्हती. ती भीत होती ती आपल्या हातून चूक व्हायला. समोर स्वतःचा नवरा उभा, पाठीशी दगडी भिंत, आणि गाडी तिच्या हातात. चूक झाली तर ती कुणाची, हे सगळ्या गावाला दिसणार होतं.

ती सीटवर चढली. गियरचा दांडा डावीकडे, उजवीकडे हलवून पाहिला. मोकळा. गाडी न्यूट्रल. पुन्हा हलवून पाहिला. मोकळा. मग डाव्या पायाने क्लच तळाला दाबला, किल्ली फिरवली आणि म्हणाली, "मारा."

काकांनी हँडल मारलं. इंजिन खोकलं आणि चालू झालं.

पण मिस मारत होतं. मध्येच एक ठोका गायब. काकांनी हँडल काढून ठेवलं, बाजूने मडगार्डवर पोट टेकवून कार्बोरेटरचा स्क्रू फिरवला. फरक नाही. पॉइंट पाहिले. फरक नाही. शेवटी हात नीट पोचेना म्हणून ते पुढे गेले, भिंतीकडे पाठ करून इंजिनावर वाकले...

आणि इंजिन सुरळीत झालं.

एकदम. सहाच्या सहा सिलिंडर एका लयीत.

काका पान्हा घ्यायला बाजूला झाले. ठोका चुकायला लागला. परत पुढे आले. सुरळीत.

काकांच्या ते लक्षात आलं नव्हतं. त्यांना वाटत होतं स्क्रू जमला. पण मावशीचा कान तयार होता. डोळे मिटले असते तरी नुसत्या आवाजावरून तिने सांगितलं असतं, नवरा कुठे उभा आहे ते.

समोर माणूस असला की इंजिन खूश होतं.

"आवं, बाजूला व्हा!" ती ओरडली.

काकांना ऐकू गेलं नाही. इंजिनाचा आवाज, वर पत्र्याचं शेड. ते मान वर करून हसले. इतक्या दिवसांच्या मेहनतीनंतर इंजिन पहिल्यांदाच असं गात होतं. त्यांनी हात वर करून खूण केली, अजून रेस दे.

मावशीने रेसवरचा पाय काढला.

रेस कमी झाली नाही...

आणि तिच्या तळहाताखाली गियरचा दांडा हलला.

सावकाश. कुणाला घाई नसावी तसा. मधल्या मोकळ्या जागेतून बाजूला, आणि मग पुढे. पहिला गियर पडला.

तिने दोन्ही हातांनी दांडा मागे ओढला. तो जागचा हलला नाही. तिने किल्ली बंद केली. किल्ली फिरली. इंजिन बंद झालं नाही. ब्रेक दाबला, तो नुसताच आत गेला.

मग क्लचचं पेडल वर यायला लागलं.

तिने जोर लावला. पेडल थांबलं, परत वर आलं. पेडलखाली जणू दुसऱ्या कुणाचा तरी पाय होता, आणि तो तिच्यापेक्षा बळकट होता. तिने दुसरा पायही क्लचवर ठेवला, पाठ सीटला रेटली, सगळा भार दोन्ही पायांवर घेतला. घोट्यांतून कळा निघत होत्या. उतरून नवऱ्याला ओढायचं म्हटलं तर पाय उचलावा लागणार. पाय उचलला की तो मेला.

ती किंचाळत होती आणि काका तिला अजून रेस मागत होते.

दारात येसूबाई उभी होती. तिला काही ऐकू आलं नसेल. पण तिने मावशीचा चेहरा पाहिला. इतक्या वर्षांत जिने त्या शेडमध्ये पाऊल टाकलं नव्हतं, ती म्हातारी लुगडं सावरत आत धावली. काकांची गचांडी धरली आणि सगळ्या अंगाचा भार टाकून त्यांना बाजूला ओढलं. दोघं जमिनीवर आदळली.

त्याच क्षणी मावशीचे पाय सुटले.

गाडीने उडी मारली. बंपर भिंतीत घुसला, वरचे दगड निखळून इंजिनावर पडले. इंजिन बंद झालं.

कितीतरी वेळ नुसती धूळ खाली बसत होती.

काका उठले. ते उभे होते त्या जागेकडे पाहिलं. तिथे आता जागाच नव्हती. मग ते मावशीच्या दाराशी आले आणि त्यांनी आत डोकावून गियरचा दांडा पाहिला.

"गियर काढला न्हवतास?"

जिवंत वाचलेल्या नवऱ्याचा पहिला शब्द हा.

"म्या काढला हुता," मावशी म्हणाली. "गाडी न्यूटल हुती."

"मंग ह्ये काय हाय?"

"आवं शप्पत. न्यूटल हुती गाडी. त्यो आपुनच पडला."

मागे जमिनीवर कण्हत बसलेल्या येसूबाईने मान वर केली.

"काय म्हनलीस?"

"आजी, गाडी न्यूटल हुती."

म्हातारीने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. तरी आवाज बाहेर आलाच.

"त्ये बी ह्येच म्हनत हुतं गं... मरस्तवर ह्येच म्हनत हुतं. येसू, गाडी न्यूटल हुती. म्या त्येंच्यासंगं बोलायचं सोडलं. मरताना पानी मागितलं, तवा बी म्या उठले न्हाई. पोराच्या हातनं दिलं."

ती रडत राहिली. तिला धरून घरात न्यायला मावशीचे पाय चालत नव्हते आणि काका अजून गियरच्या दांड्याकडेच बघत होते.

दुसऱ्या दिवशी जयराजांनी पूजा केली नाही. ट्रॅक्टर लावून गाडी ओढून काढली आणि सांगलीच्या एका भंगारवाल्याला देऊन टाकली. बॉडी त्याने तोडली. इंजिन मात्र तोडलं नाही. नुकतंच बांधलेलं, ट्यून केलेलं इंजिन कोण तोडेल? ते पुढे कुठल्या गाडीत गेलं, आम्हाला माहीत नाही.

मी या गोष्टीवर पुष्कळ विचार केला आहे. येसूबाईचा नवरा खरं बोलत असेल, तर त्याच्या वेळचा तो गियर गुंडाने टाकला नव्हता. गुंडा तर समोर उभा होता. मग त्याच्याही आधी, ती गाडी लष्करात असताना, तिच्यासमोर कोण उभं होतं?

काका आता साठीला आले. विषय निघाला की म्हणतात, "तिच्यावर माजा पुरा इस्वास हाय. तिनंच वाचिवलं मला."

पण माझ्या लग्नात मी स्वतः पाहिलं. मावशी गाडीत बसलेली होती. गाडी बंद, ड्रायव्हर खाली उतरून चहा पीत होता. काकांना पलीकडच्या दाराने बसायचं होतं. पुढून गेले असते तर चार पावलं होती. ते मागून, सगळ्या गाडीला वळसा घालून आले.

ते नेहमी तसेच येतात. मावशी आरशातून त्यांना बघत असते.